केटी न झालेले पक्षी

पक्ष्यांना गाणं कोण शिकवतं असं विचारलं, की बहुतेक जण "त्यात शिकवायचं काय, ते उपजतच असतं" म्हणून मोकळे होतात. कोंबड्याच्या, पारव्याच्या बाबतीत ते खरंही आहे. पण गाणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बऱ्याचशा साध्या हाका जन्मजात असतात, गाणं मात्र कुणाचं तरी ऐकावं लागतं. नाही ऐकलं तर धड येत नाही.

१९६० च्या दशकात पीटर मार्लर यांनी कॅलिफोर्नियात व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो नावाच्या चिमणीवर यासाठी बरंच काम केलं. (सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरच्या या चिमण्या बारमाही तिथल्याच, पण त्यांचे उत्तरेकडचे भाऊबंद दरवर्षी स्थलांतर करतात.) पिल्लू साधारण दहाव्या ते पन्नासाव्या दिवसात जे ऐकतं ते डोक्यात साठतं. मग काही महिने शांतता. नंतर तान्ह्या बाळासारखी बडबड सुरू होते, आणि स्वतःचा आवाज डोक्यातल्या नमुन्याशी ताडून बघत बघत गाणं पक्कं होतं. मासाकाझू कोनिशी यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं, की सराव सुरू होण्याआधी पिल्लाचं ऐकणं बंद केलं, तर नमुना साठलेला असूनही गळ्यातून नुसती खरखर निघते. स्पेसिफिकेशन हातात आहे, पण टेस्टिंगच करता येत नाही, असा प्रकार!

आता यात प्रवास आला की काय होतं बघा. मार्श वॉर्बलर जन्मतो युरोपात आणि हिवाळा काढतो आफ्रिकेत. फ्रान्स्वाज डॉसेट-लमेअर यांनी १९७९ मध्ये मोजदाद केली, तेव्हा एकेका नराच्या गाण्यात सरासरी ७६ जातींच्या नकला सापडल्या, आणि त्यातल्या ४५ आफ्रिकेतल्या! हे सगळं पहिल्याच वर्षात, वाटेत जे भेटतील त्यांच्याकडून उचललेलं. म्हणजे गाणं कसलं, प्रवासवर्णनच ते. (आपल्याकडे हिवाळ्यात येणारा ब्लिथ्स रीड वॉर्बलर याचाच चुलतभाऊ. तोही उन्हाळ्यात उत्तरेकडे नकला करत गातो. आपल्या वाट्याला बहुतेक वेळा त्याचं नुसतं 'चक् चक्' येतं. असो.)

पण नक्कल म्हणजे प्रत्येक वेळी कौतुकच नाही. ऑस्ट्रेलियातला रीजंट हनीईटर हा काळा-पिवळा पक्षी निलगिरीच्या फुलांमागे दूरदूर भटकतो. एके काळी याचे शेकडोंचे थवे असत, आता रानात जेमतेम तीनेकशे उरलेत. रॉस क्रेट्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ टक्के नर स्वतःच्या जातीचं गाणंच गात नव्हते! ते फ्रायरबर्ड, करावाँग अशा भलत्याच पक्ष्यांचे आवाज काढत होते. कारण साधं आहे. पिल्लू घरट्यातून बाहेर पडतं तेव्हा आसपास गाणारा मोठा नरच नसतो. मग जो कानावर पडेल तो गुरू.

आमच्या धंद्यात याला केटी न होणं म्हणतात, नॉलेज ट्रान्स्फर. (इंजिनिअरिंगमधली केटी वेगळी, तिच्या आठवणी नकोत.) टीममधले जुने लोक एकामागून एक गेले, की नवा मुलगा दुसऱ्याच प्रोजेक्टमधला कोड आणून चिकटवतो. बिचाऱ्याचा दोष काय?

यावर एकजण मला म्हणाला, "अरे, पक्षी जगले तर खूप झालं, गाण्याचे लाड कशाला?" मला हे अजिबात पटत नाही. त्याच अभ्यासात असं दिसलं, की वेगळं गाणाऱ्या नरांना जोडीदार मिळण्याची शक्यता कमी होते. म्हणजे पक्षी कमी झाले म्हणून गाणं बिघडतं, आणि गाणं बिघडलं म्हणून पक्षी आणखी कमी होतात. हा लूप तोडायचा तर गाणं चैनीच्या यादीत ठेवून कसं चालेल?

सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात १९९५ पासून या पक्ष्यांची पैदास चालू आहे. पण पिंजऱ्यात एकमेकांतच वाढलेले नर निराळंच काहीतरी गाऊ लागले. तेव्हा त्यांना रेकॉर्डिंग ऐकवणं, रानातला नर शेजारी ठेवणं असे उपाय सुरू झाले. माझं मत विचाराल तर पैसा या जिवंत गुरूवर आधी लावावा, स्पीकरवर नंतर. बॅप्टिस्टा आणि पेट्रिनोविच यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं, की पन्नास दिवस उलटल्यावर टेपवरून काही न शिकणारी ती कॅलिफोर्नियातली चिमणी समोर बसलेल्या पक्ष्याकडून मात्र शिकते. दहा पिल्लं कमी वाढली तरी चालतील, पण वाढतील त्यांना गाता आलं पाहिजे.

पिंजऱ्यातून किती पक्षी रानात सोडले, हा आकडा बातमीत असतोच. त्यातल्या किती नरांना स्वतःचं गाणं येत होतं, हा दुसरा आकडा मला त्याच ओळीत वाचायचाय.