रिचार्जमधले पाच रुपये

मोशीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या सोसायटीत भिशीच्या दिवशी चांगलाच वाद रंगला. विषय काय, तर सरकारने लोकांच्या इंटरनेटवर पैसा खर्च करावा की नाही! एकीचं म्हणणं, "आधी नळाला रोज पाणी द्या म्हणावं, मग घाला ती वायर." दुसरी म्हणाली, "ज्याला हवं तो बिल भरेल, आपल्या पैशातून कशाला?" पत्र लिहिणाऱ्या बाईंना दोघींचंही पटलं. पण त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींना लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी तीन खेपा घालाव्या लागल्या. दर खेपेला दुकानदाराचे पैसे गेले, शिवाय कामाचे खाडे झाले ते वेगळेच. "आता तुम्हीच सांगा, बरोबर कोण?" असं त्यांनी विचारलं आहे.

पाण्याची तक्रार आधी घेऊ, कारण ती मुळीच खोटी नाही. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडकरांनी वर्षानुवर्षं दिवसाआड पाणी भरलं. पिंपं भरून कंबर मोडलेल्या बाईला फायबरची महती सांगायला गेलं, तर ती लाटणंच उचलेल! पण गृहिणीला एक गोष्ट चांगली ठाऊक असते. किराण्याचा डबा वेगळा, दुधाचा वेगळा. गावोगावी तार नेण्याचे पैसे मुख्यतः ज्या डब्यातून येतात, तो पाण्याचा डबा नव्हे.

तो डबा आपणच भरतो आहोत. आपण मोबाईलचं रिचार्ज मारतो, त्यातून कंपनीला मिळकत होते. त्या मिळकतीच्या दर शंभर रुपयांमागे, ढोबळ हिशेबाने, पाच रुपये कंपनीला एका सरकारी निधीत भरावे लागतात. हा निधी २००२ सालापासून आहे. त्याचं जुनं नाव सार्वत्रिक सेवा दायित्व निधी. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं 'डिजिटल भारत निधी' असं बारसं केलं. जिथे कंपनीला धंदा परवडत नाही तिथेही फोन आणि इंटरनेट पोचावं, एवढ्यासाठीच हा निधी. म्हणजे भिशीतल्या बायका ज्यावर भांडल्या ते पैसे त्यांच्याच रिचार्जमधून केव्हापासून जात आहेत. द्यावेत का, हा वाद घालत बसण्यापेक्षा दिलेल्या पैशांचं काय झालं, ते विचारलेलं बरं.

काय झालं, तेही ऐका. देशातल्या सगळ्या, म्हणजे सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. दोन वर्षांत उरकायचं काम ते, पण पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पाच डिसेंबर २०१७ मध्ये पुरा झाला. इकडे निधीत हजारो कोटी रुपये वर्षानुवर्षं पडून होते. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेसाठी आणखी १ लाख ३९ हजार कोटींवर रक्कम मंजूर झाली. शिवाय तार येते ती ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत. तिथून घराघरात, शाळेत, दवाखान्यात न्यायची कुणी, हे पुष्कळ ठिकाणी अधांतरीच राहिलं. पाइपलाइन वेशीपर्यंत आणली आणि तोटी बसवायचं विसरले, तर तिला नळयोजना कोण म्हणेल?

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग सरकारने यात पडूच नये, कंपन्या बघून घेतील. इथे मात्र मी त्या दुसऱ्या भिशीवालीशी भांडेन. आपल्याच भागाचं पाहा ना. चाकणला मोठमोठ्या गाड्यांचे कारखाने आले, ते काय ओसाड माळावर स्वतःची पाइपलाइन टाकत आले? एमआयडीसी हे १९६२ साली स्थापन झालेलं सरकारी महामंडळ. जमीन, रस्ते, पाणी अशी तयारी त्याने करून दिली. वर सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली उद्योगांना राज्याच्या तिजोरीतून सवलती मिळतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यातून घरोघर चुली पेटल्या. पण कारखान्यासाठी सार्वजनिक पैसा म्हणजे विकास आणि वस्तीसाठी तोच पैसा म्हणजे उधळपट्टी, हा हिशेब काही मला जुळत नाही.

आणि चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात पश्चिमेला भोरगिरी, भीमाशंकरच्या डोंगरातल्या वाड्या आहेत. वीसपंचवीस घरांसाठी डोंगर चढून तार न्यायला कुठली कंपनी जाईल? फायदा नसेल तर ती जाणार नाही, आणि तिला दोष देण्यातही अर्थ नाही. अशा वाड्यांवर वीज गेली, एसटी गेली, तीसुद्धा काही नफा दिसला म्हणून नव्हे.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण मोशीच्या मावशींच्या खेपांत आहे. इंटरनेट हवं असं त्या म्हणायला गेल्याच नव्हत्या. सरकारनेच सप्टेंबर २०२५ मध्ये ठरवलं की महिन्याचे दीड हजार चालू ठेवायचे तर ई-केवायसी करा. पूर्वी तहसील कचेरीचा दरवाजा गाठायला एसटीचं भाडं लागे. आता दरवाजाच तारेवर नेऊन बसवला, तर तिथवरची वाट सरकारने बांधून द्यायला नको का? पीएफ काढायचा, मुलाचा दाखला काढायचा, सगळं तिथेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसाठी २०१९ मध्ये महाराष्ट्रात विचारणा झाली, तेव्हा इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका शंभरात ३८ होत्या आणि पुरुष ६१-६२.

आता माझ्या बाजूचीही उणीव सांगते, बरं का. नुसत्या तारेने मावशींचं काम झालं नसतं. या ई-केवायसीला स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला होता. नवरा पहिल्या पाळीला चाकणला. बऱ्याच कारखान्यांत मशीनपाशी मोबाईल नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये. बाई दुकानात खोळंबलेली, ओटीपी लॉकरमध्ये वाजतोय, आणि काही मिनिटांत त्याची मुदत संपते! म्हणून माझं मत असं, की सार्वजनिक पैशातून तार यावी ती शाळेत, दवाखान्यात, वाचनालयात, अंगणवाडीत. आणि तिथे संध्याकाळी, पाळी सुटल्यावरही, मदतीला एक माणूस असावं. तुमच्याआमच्या घरी रात्री मालिका बघण्याचं बिल मात्र आपलं आपण भरावं. अगदी गरीब घरांचं काय, तर केरळने जून २०२३ मध्ये सरकारी फायबर जाळं सुरू केलं तेव्हा वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी द्यायचं ठरवलं आणि सुरुवात चौदा हजार घरांपासून केली. आकडा लहान, पण ओळख पटवून खऱ्या गरजूला द्यायचं तर सुरुवात अशीच करावी लागते.

शहरातल्या मैत्रिणींनी हेही ध्यानात ठेवावं. पिंपरी-चिंचवड २०१७ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत आलं. योजनेच्या नियमानुसार निम्मा पैसा केंद्राचा आणि निम्मा राज्य व महापालिकेचा, म्हणजे इथे खरोखरच आपला कर. त्यातून रस्ते खणून फायबरचं जाळं टाकलं गेलं. त्या खड्ड्यांतून आपण स्कूटर चालवल्या, तर त्या तारेचा हिशेबही आपण मागावा. ती किती वापरात आहे, भाडं किती येतं, पालिकेच्या किती शाळा तिच्यावर चालतात, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाची फी दहा रुपये.

आणि म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी अशा गावांतल्या मैत्रिणींनो, तुमच्या हातात तर आणखी एक साधन आहे. आपल्या राज्यात नेहमीच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असा कायदाच आहे. बहुतेक जणी तिथे सही करून परततात. पुढच्या खेपेला थोडं थांबा आणि ग्रामसेवकांना विचारा, भारतनेटची तार आपल्या कचेरीत आली आहे का, कधी आली, आज चालू आहे का? चालू असेल तर तिथेच मोबाईलवर लावून दाखवा म्हणावं. बंद असेल तर तक्रार कधी केली आणि कुणाकडे, ते इतिवृत्तात लिहून घ्या. अंगणवाडीपर्यंत जोडणी न्यायला किती खर्च येईल, तेही त्याच बैठकीत विचारा.

तोवर दुकानातच जावं लागणार. तेव्हा ओटीपी सांगण्याआधी तो मेसेज पुरता वाचा, नाहीतर लेकीकडून वाचून घ्या. तो कुठल्या कामाचा आहे हे बहुधा त्यातच लिहिलेलं असतं. आणि काम झाल्यावर पोचपावतीचा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.