फालिज एक, आजार दोन

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की आपल्या घरांत एकच शब्द निघतो: फालिज. अरबीत या शब्दाच्या मुळाशी ‘दोन भाग होणं’ हा अर्थ आहे. मराठीतला अर्धांगवायूही तेच सांगतो. पण मेंदूत दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. एक तर गुठळी अडकून रक्तपुरवठा थांबलेला असतो, नाहीतर रक्तवाहिनी फुटून रक्त मेंदूत सांडलेलं असतं.

बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. नुसतं तपासून अनुभवी डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाहीत. इलाज मात्र उलटे आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळालं तर अनेकांचा हात-पाय वाचतो. तेच रक्तस्रावात दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून ॲस्पिरिनची गोळीसुद्धा घरी देऊ नका.

हा फरक दाखवतो डोक्याचा सीटी स्कॅन. १९७१ मध्ये गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्रावर लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. काही मिनिटांच्या या तपासणीत ताजं रक्त पांढरंशुभ्र दिसतं. गुठळी असेल तर सुरुवातीच्या तासांत चित्र जवळजवळ नॉर्मलही दिसू शकतं. तेव्हा “स्कॅनमध्ये काही निघालं नाही” म्हणून पेशंटला घरी आणू नका.

रक्त दिसलं तर ते कुठे आहे, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत उतरलंय का, मेंदू एका बाजूला ढकलला गेलाय का, हे डॉक्टर पाहतात. मापही काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि निम्मी करायची. ४ × ३ × ३ म्हणजे ३६, त्याचं निम्मं १८ मिलिलिटर. ३० च्या पुढे गेलं की धोका खूप वाढतो. पहिल्या काही तासांत हे रक्त वाढूही शकतं, म्हणून दुसरा स्कॅन सांगतात. ते पैसे उकळणं नव्हे.

स्कॅनच्या वेळी भगिनींना कानातलं, नथ, स्कार्फची पिन काढावी लागते, कारण धातूमुळे चित्र बिघडतं. कापडाने बिघडत नाही. साधी ओढणी राहू द्या, अशी विनंती जरूर करा.

टेंभुर्णीहून सोलापूर सुमारे ९० किलोमीटर. रस्ता चांगला आहे. वेळ जातो तो घरातच. “हवा लागली असेल, फजरपर्यंत बघू” यात तास निघून जातात. १०८ ला फोन करा. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. चालू गोळ्यांची चिठ्ठी, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची, सोबत न्या. दम केलेलं असलं तरी पाणी पाजू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. दुआ गाडीत बसूनही करता येते. आणि जवळ सीटीची सोय चोवीस तास कुठे आहे, हे आजच विचारून ठेवा.

मेंदूतल्या रक्तस्रावाचं सर्वांत मोठं कारण वाढलेलं ब्लडप्रेशर. रमजानमध्ये रोजा आहे म्हणून त्याची गोळी परस्पर बंद करू नका. सहरी आणि इफ्तारची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दवा घेणं ही सुन्नत आहे, आणि शरीर ही अल्लाहची अमानत. अल्लाह आपणा सर्वांना आफियत देवो. आमीन.