जिंकलेली लढाई, मोडलेला शब्द

व्हिएतनामचे युद्ध अमेरिका रणांगणावर हरलीच नाही. ती हरली वर्तमानपत्रांच्या रकान्यांत आणि टीव्हीच्या पडद्यावर, असे मानणाऱ्यांची अमेरिकेत आजही वाण नाही. लष्कर आणि माध्यमे यांची चर्चा निघाली की आपल्याकडेही हा दाखला दिला जातो. या मताचा हुकमी एक्का म्हणजे १९६८ चा टेट हल्ला. शत्रूने सर्व बळ पणाला लावले, सपाटून मार खाल्ला, आणि तरी विजय त्याच्याच पदरात पडला. का, तर बातमीदारांनी जिंकलेल्या लढाईला पराभव म्हटले आणि घाबरलेल्या जनतेने आपल्याच सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला. असा हा पूर्वपक्ष आहे. तो पोकळ नाही, म्हणून त्याचे खंडन नीट करायला हवे.

आधी घडले काय ते पाहू. टेट म्हणजे व्हिएतनामी नववर्ष. या सणात शस्त्रे खाली ठेवण्याचा प्रघात होता आणि त्या वर्षीही विराम जाहीर झाला होता. ३० आणि ३१ जानेवारी १९६८ च्या रात्री उत्तर व्हिएतनामचे सैन्य आणि दक्षिणेतील राष्ट्रीय मुक्ती आघाडीचे, म्हणजे अमेरिकनांच्या भाषेत व्हिएतकाँगचे, लढवय्ये असे सुमारे ८० हजार जण शंभरावर शहरांवर आणि गावांवर तुटून पडले. दक्षिणेतील ४४ पैकी ३६ प्रांतांच्या राजधान्या या माऱ्यात सापडल्या. राजधानी सायगॉनमध्ये वीसेक जणांच्या तुकडीने अमेरिकी वकिलातीच्या कुंपणभिंतीला भगदाड पाडून आवारात सहा तास झुंज दिली. बहुतेक ठिकाणी हल्लेखोर काही दिवसांतच मारले किंवा हुसकले गेले. फक्त ह्वे या जुन्या राजधानीत लढाई तीन आठवड्यांहून अधिक चालली.

पूर्वपक्षात खरे काय आहे, ते आधी मान्य करू. लष्करी हिशेबाने हल्ला फसला. एकही शहर हाती राहिले नाही, आणि दक्षिणेतील मुक्ती आघाडीची तर अशी कत्तल झाली की पुढचे युद्ध मुख्यतः उत्तरेच्या नियमित फौजेलाच लढावे लागले. बातमीदारांच्या चुकाही झाल्या. हल्लेखोर वकिलातीच्या इमारतीत घुसल्याची पहिली बातमी चुकीची होती. ते आवारातच अडवले गेले होते. खे सान्ह या अमेरिकी तळाच्या वेढ्याला दुसरे दिएन बिएन फू, म्हणजे १९५४ मधल्या फ्रेंच पराभवाची पुनरावृत्ती, ठरवण्याची घाई झाली. वॉशिंग्टन पोस्टसाठी सायगॉनहून बातमीदारी केलेल्या पीटर ब्रेस्ट्रपनेच १९७७ मध्ये या वार्तांकनाची चिरफाड करणारा जाडजूड ग्रंथ लिहिला. इथवर वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या उडीबद्दल. बातम्या चुकल्या, म्हणून जनमत फिरले, म्हणून युद्ध हरले: या साखळीतली दुसरी कडीच तुटकी आहे. गॅलपच्या पाहणीत व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणे ही चूक होती असे म्हणणारे ऑगस्ट १९६५ मध्ये २४ टक्के होते. ऑक्टोबर १९६७ मध्ये ते ४७ टक्के झाले आणि चूक नव्हती म्हणणारे ४४ वर आले. म्हणजे पारडे टेटच्या तीन महिने आधीच फिरले होते. उलट टेटनंतरच्या पहिल्या काही दिवसांत स्वतःला युद्धसमर्थक म्हणवणारे वाढले आणि ६० टक्क्यांच्या आसपास गेले. घाबरलेली जनता असे वागत नाही. कोसळला तो अध्यक्ष जॉन्सन यांच्या युद्ध हाताळणीवरचा विश्वास. मार्चपर्यंत तो २६ टक्क्यांवर आला. राज्यशास्त्रज्ञ जॉन म्यूलर यांनी दाखवले की युद्धाचा पाठिंबा मृतांच्या वाढत्या आकड्याबरोबर घसरत गेला, आणि कोरियाच्या युद्धातही असेच घडले होते. तेव्हा तर घरोघरी टीव्हीही नव्हते. अमेरिकी लष्कराने स्वतःच्या इतिहास विभागातर्फे माध्यमांवर जो अधिकृत इतिहास लिहून घेतला, त्याचे लेखक विल्यम हॅमंड हेही याच निष्कर्षाला आले. लष्कराच्याच इतिहासकाराने निर्दोष ठरवलेल्या आरोपीला पुन्हा पुन्हा पिंजऱ्यात उभे करायचे, ही कसली न्यायबुद्धी?

माध्यमांना दोष देणाऱ्या या पक्षाची एक लाडकी आख्यायिका आहे. २७ फेब्रुवारी १९६८ ला वॉल्टर क्रॉन्काइट या वृत्तनिवेदकाने युद्ध कोंडीत सापडल्याचे पडद्यावरून सांगितले, आणि ते पाहताच, हा माणूस गेला म्हणजे सामान्य अमेरिका आपल्या हातून गेली, असे जॉन्सन उद्गारले म्हणे. प्रत्यक्षात त्या रात्री जॉन्सन टेक्सासमध्ये ऑस्टिनला गव्हर्नर कॉनली यांच्या वाढदिवस समारंभात होते. एका निवेदकाने साम्राज्य उलथवले ही कथा पत्रकारांना गोड वाटते आणि त्यांच्या शत्रूंनाही. म्हणूनच ती मरत नाही.

मग विश्वास का कोसळला? त्याचे उत्तर टेटच्या आधीच्या हिवाळ्यात आहे. १९६७ च्या उत्तरार्धात जॉन्सन सरकारने युद्ध जिंकत आल्याचा प्रचार मुद्दाम हाती घेतला. व्हिएतनाममधले अमेरिकी सरसेनापती वेस्टमोरलंड यांना मायदेशी बोलावले गेले आणि २१ नोव्हेंबरला त्यांनी राष्ट्रीय पत्रकार मंडळात शेवट आता दिसू लागल्याची ग्वाही दिली. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांनी जॉन्सन यांना गुप्त टिपण देऊन बॉम्बफेक थांबवा आणि सैन्यवाढ गोठवा असे सुचवले होते. म्हणजे ज्याच्या खात्यातर्फे विजयाची ग्वाही दिली जात होती, त्या मंत्र्याचाच तिच्यावर विश्वास उरला नव्हता. शत्रूचे बळ किती, यावरही त्याच वर्षी वाद पेटला होता. गुप्तचर खात्यातील विश्लेषक सॅम ॲडम्स यांचा अंदाज लष्करी आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होता. लष्कराने मात्र खेडोपाडीच्या स्वसंरक्षक दलांना मोजणीतून वगळून आकडा तीन लाखांच्या आत ठेवला. पुढे याच विषयावरच्या माहितीपटावरून वेस्टमोरलंड यांनी सीबीएस वाहिनीवर १२ कोटी डॉलरचा दावा लावला आणि १९८५ मध्ये, निकाल लागण्याआधीच, तो मिटवला.

आता फेब्रुवारी संपता संपताची गोष्ट. आपण जिंकलो असे सांगणाऱ्या याच लष्कराने आणखी २ लाख ६ हजार सैनिक मागितले. व्हिएतनाममध्ये आधीच पाच लाखांच्या आसपास अमेरिकी सैनिक होते. १० मार्चला ही मागणी न्यूयॉर्क टाइम्समध्ये फुटली. साध्या शेतकऱ्यालाही पडेल असा प्रश्न आहे: शत्रू संपला असेल तर ही दोन लाख माणसे कशाला? नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड यांनी सेनापतींना विचारले, एवढे सैन्य पुरेल का, आणि किती काळ लागेल? त्यांना धड उत्तर मिळाले नाही. हा प्रश्न कुठल्या बातमीदाराने पेरलेला नव्हता. ३१ मार्चला जॉन्सन यांनी बॉम्बफेक मर्यादित केली आणि पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले. सरकारचा शब्द मोडला होता आणि मोडला होता तो सरकारनेच.

पण पूर्वपक्ष फक्त वॉशिंग्टनचा नाही. उत्तरेच्या राजधानीचा, हनोईचाही आहे, आणि तो तितकाच खोटा आहे. तिथल्या अधिकृत स्मरणात टेट म्हणजे दूरदृष्टीने आखलेला महाविजय: अमेरिकेचे मनोबल तोडायचे ठरवले आणि तोडले. आराखड्याचे नावच सार्वत्रिक आक्रमण आणि सार्वत्रिक उठाव असे होते. शहरे घ्यायची, लोक रस्त्यावर उतरतील, सायगॉनचे सरकार कोसळेल, हा डाव होता. लोक उतरले नाहीत. अमेरिकेतला राजकीय परिणाम हे त्या योजनेचे ठरवलेले फळ नव्हते, तो पदरात पडलेला अनपेक्षित लाभ होता. या आक्रमणामागे कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिव ले डुआन होते. अध्यक्ष हो चि मिन्ह आणि जनरल गियाप यांना शंका होत्या. हल्ल्याच्या वेळी गियाप हंगेरीत होते आणि हो चि मिन्ह उपचारासाठी चीनमध्ये. तरी श्रेय गियाप यांच्या नावावर जमा होत राहिले. १९६७ मध्ये हनोईत मतभेद दाखवणाऱ्यांची धरपकड झाली होती. जानेवारीत फसलेला डाव मे महिन्यात आणि मग ऑगस्टमध्ये पुन्हा खेळला गेला आणि दक्षिणेतले कार्यकर्ते पुन्हा मारले गेले. सायगॉनच्या आघाडीवरचे जनरल त्रान व्हान त्रा यांनी १९८२ मध्ये छापील कबुली दिली की आम्ही बलाबल नीट तोलले नाही, ताकदीबाहेरची उद्दिष्टे ठेवली. ते पुस्तक सरकारने दाबले. विजयाची कथा खरी असती तर तिला स्वतःच्याच सेनापतीची भीती का वाटावी?

मराठी माणसाचाही या वादात एक छोटा पूर्वपक्ष आहे. व्हिएतनामने अमेरिकेला शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याने हरवले, तिथल्या एका राष्ट्राध्यक्षाच्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा मावळा' असे कोरले आहे, हा मजकूर मोबाइलवरून फिरत असतो. त्याला काडीचा आधार नाही. हो चि मिन्ह यांचे पार्थिव हनोईच्या बा दिन्ह चौकात जतन केले आहे. तिथे मावळा वगैरे काही नाही. तेराव्या शतकात मंगोलांशी आणि पंधराव्यात मिंग चीनशी झुंजलेल्या देशाला लढण्याची परंपरा उसनी आणण्याची गरज नव्हती. १७८९ मध्ये न्गुयेन ह्वे याने टेटच्या सणातच चिनी सैन्यावर झडप घालून हनोई सोडवले होते. शिवाय टेट हा गनिमी कावा नव्हताच. लाल महालावर १६६३ मध्ये छापा पडला, काम झाले आणि मावळे निसटले. टेटमध्ये हुकूम शहरे धरून बसण्याचा होता, आणि तिथेच घात झाला. महाराजांचे थोरपण अशा फुकटच्या दाखल्यांवर अवलंबून नाही. उलट त्यांची युद्धनीती समजून घेणाऱ्याला टेटची चूक लगेच दिसायला हवी.

या सगळ्या कथांत गाळले जातात ते ज्यांच्या दारात लढाई झाली ते लोक. ह्वे शहर हाती असताना हल्लेखोरांनी याद्या घेऊन अधिकारी, शिक्षक, धर्मगुरू पकडून नेले. पुढच्या दोन वर्षांत सामूहिक खड्ड्यांतून सुमारे २,८०० प्रेते निघाली. त्यातले किती जण ठरवून मारले गेले आणि किती बॉम्बगोळ्यांनी, यावर वाद आहे. पण तिथल्या वैद्यकीय शाळेत शिकवणाऱ्या जर्मन डॉक्टरांनाही ठार करून पुरले गेले, हे काही तोफगोळ्याचे काम नव्हे. दुसरीकडे अमेरिकी तोफा आणि विमानांनी ह्वे इतके उद्ध्वस्त केले की लाखाच्या वर लोक बेघर झाले. अध्यक्ष निक्सन यांनी ३ नोव्हेंबर १९६९ च्या भाषणात ह्वेची कत्तल युद्ध चालू ठेवण्याचे कारण म्हणून मांडली; दहाच दिवसांनी पत्रकार सीमोर हर्श यांनी माय लाईची कत्तल जगापुढे आणली, जी अमेरिकी सैनिकांनी टेटनंतर दीड महिन्याने केली होती. हनोईला माय लाई आठवते, ह्वे नको असते. अमेरिकेतल्या युद्धसमर्थकांना ह्वे हवे असते, माय लाई नको. न्हा का या लेखिकेने ह्वेतल्या त्या दिवसांवर १९६९ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात तिने आपल्या पिढीलाही दोषातून सोडले नाही. १९७५ नंतर तिला तुरुंग मिळाला आणि अखेर परदेशाची वाट धरावी लागली.

तेव्हा माझा पक्ष असा. टेट कुणी जिंकली हा प्रश्न स्मरणाच्या केंद्रस्थानी ठेवणेच चूक आहे, कारण तो दोन्ही राजधान्यांच्या सोयीचा आहे. विजयपराजयाची पाटी लावली की राज्यकर्ते मोकळे होतात: एकाला दगाबाज पत्रकार सापडतात, दुसऱ्याला पुतळे. टेट आठवायची ती राज्यकर्त्यांच्या शब्दाचे लेखापरीक्षण म्हणून. हल्ल्याच्या आधी त्यांनी लोकांना काय सांगितले, स्वतःला काय माहीत होते, आणि त्या अंतराची किंमत कुणी मोजली? वॉशिंग्टनने शेवट दिसतो म्हटले. हनोईने उठाव होईल म्हटले. एकाने १९६८ या एका वर्षात १६ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक गमावले, दुसऱ्याने त्याच्या कितीतरी पट आपली माणसे, आणि दोघांच्या मध्ये दक्षिणेतले हजारो नागरिक मेले. या कसोटीवर बातमीदारांच्या चुकाही मोजाव्यात. पण ज्याने खोटी ग्वाही दिली त्याच्या आधी, ज्याने ती खोटी ठरल्याचे सांगितले त्याला शिक्षा होऊ नये.

अशा लेखापरीक्षणाला कागद लागतात. पेंटॅगॉनचे कागद, म्हणजे संरक्षण खात्याचा या युद्धावरचा गुप्त अभ्यास, १९७१ मध्ये फुटले, सर्वोच्च न्यायालयाने अखेर छपाई अडवू दिली नाही, म्हणूनच अमेरिकेत आज पुराव्यानिशी भांडता येते. हनोईचे दप्तर अजून बरेचसे बंद आहे, म्हणून तिथे फक्त समारंभ होतात. आपणही फार बोलू नये: १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा अहवाल १९६३ पासून सरकारने लोकांपुढे ठेवलेला नाही, आणि त्या रिकाम्या जागेत प्रत्येक पक्ष आपापला खलनायक बसवतो. ज्या देशाला आपल्या सैनिकांचा खरोखर अभिमान आहे, त्याने त्यांना लढाईत धाडणाऱ्यांची टिपणे उघडी करावीत. ती उघडी नसतील तोवर कुणी माध्यमांनी घात केला असे म्हटले, तर त्याला एवढेच विचारावे: घात झाला की नाही ते नंतर बघू, आधी तुम्ही लोकांना काय सांगितले होते ते दाखवा.