विमान डावीकडेच का कलंडते?

बोअरमधली मोटर चालू करताना वरच्या पाइपाला हिसका बसतो, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मोटरचा दांडा एका बाजूला फिरू लागला, की तिचे धड उलट बाजूला फिरू पाहते. बोअरमध्ये धडाला पाइपाचा आधार तरी असतो. रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानाला हवेत कशाचाच आधार नाही.

सुटीत काही मुले थर्मोकोलची अशी विमाने करतात. आठवडे खपून केलेले विमान पहिल्याच उड्डाणात डावीकडे कलते, पंख जमिनीला टेकतो, खेळ खलास! वडीलधारी मग पैशांवरून बोलणारच. पण दोष बहुधा पोराच्या हाताचा नसतो. मागून पाहिले तर पुढचा पंखा सहसा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणून विमानाचे धड डावीकडे कलते. शिवाय पंख्याचा वारा पीळ घेत मागे जातो आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळतो. नाक आणखी डावीकडे वळते. वेग कमी आणि मोटर पूर्ण जोरात, अशा वेळी हे फार जाणवते.

पुष्कळजण शेपटीचे सुकाणू कायमचे उजवीकडे वळवून ठेवतात. मला ते पटत नाही, कारण मोटर बंद करताच विमान उजवीकडे पळते. आधी मोटर बंद ठेवून उंच गवतावर विमान हाताने हलकेच सोडावे व ते सरळ उतरेल असे सुकाणू लावावे. मग मोटरवर ते डावीकडे गेले, तर मोटरचेच तोंड किंचित उजवीकडे करावे. विमानामागे उभे राहून जी डावी बाजू दिसते, तिकडच्या स्क्रूंवर मोटर व फळी यांच्यामध्ये एकेक वायसर घालावा. दोन-तीन अंश पुरतात. आणि हो, मोटर एकदम सोडू नये, हळूहळू वाढवावी.

राइट बंधूंनी १९०३ साली दोन पंखे परस्परविरुद्ध फिरवले. इंजिनावरून जाणाऱ्या दोन साखळ्यांपैकी एकीला त्यांनी पीळ दिला होता. गिरणीचे चाक उलटे फिरवायला पट्टा आडवा घालतात ना, तसाच.

फवारणीच्या ड्रोनचेही सहसा निम्मे पंखे एका बाजूला, निम्मे उलट फिरतात. मोडलेला पंखा बदलताना त्याच बाजूचा घ्यावा. उलट बाजूचा बसला तर तो उचलण्याऐवजी खाली ढकलतो आणि औषधाच्या टाकीसकट ड्रोन जागीच उलटतो.