बोक्याची लघवी तुंबते तेव्हा

लघवी थेंबथेंब आणि जळजळत होऊ लागली की मराठवाड्यात ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात, आणि धन्याचे किंवा सब्जाचे पाणी घेतल्यावर तो त्रास बहुधा उतरतो. मात्र हाच शब्द आणि हाच उपचार घरातल्या बोक्याला लावला गेला, तर त्यात त्याच्या आयुष्याचे मोजके उरलेले तास निघून जातात. ज्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या हळदीच्या वसमतमध्ये दुखण्यावर पहिला हात हळदीच्याच डब्याकडे जावा हे स्वाभाविक असले, तरी तुंबलेला मूत्रमार्ग हळदीने मोकळा होत नाही.

पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशातला असल्यामुळे त्याचे मूत्रपिंड लघवी अतिशय दाट करून शरीरातले पाणी वाचवते, आणि त्याची तहानही मंदच असते, कारण लागणारे बहुतेक पाणी त्याला भक्ष्याच्या शरीरातून मिळत आले आहे. उंदरावर जगणारे हे जनावर जेमतेम दहा टक्के ओलावा असलेल्या कोरड्या दाणेदार खाद्यावर आले, की चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यातही ते तूट भरून निघेल इतके पाणी आपणहून पीत नाही.

लघवीत रक्त दिसणे, पुन्हापुन्हा बसणे, भलत्याच जागी लघवी करणे ही लक्षणे दिसताच जंतुसंसर्ग गृहीत धरला जातो. वास्तविक तरुण मांजरांत तो क्वचितच आढळतो. बहुतेक वेळा आढळतो तो अज्ञातहेतुक मूत्राशयशोथ, म्हणजे निश्चित कारण न सापडणारा मूत्राशयाचा दाह, आणि घर बदलणे, बांधकामाचा गोंगाट किंवा दुसरे मांजर घरात येणे अशा ताणाने तो उफाळतो. म्हणून प्रतिजैविकांचा सरसकट मारा येथे निरुपयोगी ठरतो. खड्यांचे दोन प्रकार विशेष आढळतात: मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचा स्ट्रुव्हाइट खडा विशिष्ट आहाराने विरघळतो, तर कॅल्शियम ऑक्झलेटचा विरघळत नाही, तो काढावाच लागतो.

बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाशी फार अरुंद असतो. तेथे स्फटिक व चिकट स्राव यांचे बूच बसले की मूत्राशय टणक होतो, रक्तातले पोटॅशियम वाढत जाते, आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडू शकते. कुंथणारा बोका पाहून बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजण्याची चूक सहज घडते. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न तर मूत्राशय फोडू शकतो. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी पचवणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असल्याने तिचा लहानसा तुकडाही त्याला विषच ठरतो.

उपाय एकच: शिरेतून सलाईन देऊन पोटॅशियम आटोक्यात आणणे आणि भूल देऊन मूत्रमार्गात बारीक नळी घालणे. तालुक्याची पशुवैद्यकीय व्यवस्था गाई-म्हशी व शेळ्यांभोवती उभी राहिली आहे आणि शेतीच्या मुलखात ते रास्तच आहे, पण त्यामुळे मांजराच्या मापाची नळी प्रत्येक दवाखान्यात असेलच असे नाही. म्हणून आधी फोनवर विचारून, गरज पडल्यास थेट परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा नांदेडकडे त्याच दिवशी निघणे श्रेयस्कर. रात्र काढून सकाळी पाहू, हा विचार येथे परवडत नाही.

नळी काढल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मार्ग पुन्हा तुंबण्याचा धोका मोठा असतो. ओले खाद्य, चुलीपासून व खाण्याच्या भांड्यापासून दूर दोन-तीन ठिकाणी ठेवलेले ताजे पाणी, आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक असे वाळूचे ट्रे, एवढी तजवीज साध्या घरातही करता येते. आडतीच्या गोदामात मोकळा फिरणारा बोका कोठे लघवी करतो हे कोणालाच दिसत नाही. त्यामुळे या काळात त्याला घरातच ठेवून वाळूत रोज किती ओले गोळे पडले आणि ते केवढे होते, हे मोजावे लागते.