बांध ‘स्वच्छ’ करणाऱ्यांनो, जरा थांबा



पक्षी सप्ताह झाला. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालीम अलींचा. त्या आठवड्यात सगळ्या ग्रुपवर नीलपंखाचे, खंड्याचे फोटो फिरले. मीही टाकले. आणि त्याच आठवड्यात आमच्या शिवारात दोघांनी बांधावर तणनाशक मारलं. त्यातल्या एकानं माझ्या फोटोला सगळ्यात आधी लाईक केलं होतं. नाव घेत नाही, त्याला कळलं असेल.

कृषी सेवा केंद्रावर विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, “दादा, बांध म्हणजे किडीचं घर. स्वच्छ ठेवा.” यात थोडं खरं आहे, नाही म्हणत नाही. गाजर गवतावर पिठ्या ढेकूण राहतो, पेठारीवर पांढरी माशी राहते. मग ती उपटा ना हातानं. त्यासाठी मारवेल, पवन्या, हरळी सगळंच पिवळं करून टाकायचं? त्या गवतात तित्तिर अंडी घालतो, लावा लपतो. आणि जनावराला उन्हाळ्यात हिरवं घालायला तोच बांध आठवतो की आपल्याला.

हरभऱ्यात घाटेअळी दिसली की सल्ला येतो, पक्षी थांबे लावा. सल्ला चांगला आहे, मी दरवर्षी लावतो. पण थांब्यावर बसायला कोतवाल येणार कुठून? त्याचं घरटं बाभळीच्या, लिंबाच्या बेचक्यात असतं. झाड तोडायचं आणि बांबूची काठी रोवून कोतवालाची वाट बघायची, हे म्हणजे विहीर बुजवून मोटार बसवल्यासारखं झालं. आमच्याकडं बाभळीच्या बाजूच्या थांब्यांखाली विष्ठेचे पांढरे ठिपके असतात, मोकळ्या बाजूचे थांबे कोरडेच. हा माझ्या दोन एकराचा अनुभव आहे, संशोधन नाही. तुमच्या रानात बघून सांगा.

कोणी जाणकार म्हणेल, हुमणीचे भुंगेरे बाभळी-लिंबावरच जमतात. बरोबर. म्हणून तर वळवाचा पाऊस पडला की रात्री फांद्या हलवून ते गोळा करा म्हणतात. आपल्यापैकी किती जण करतात ते? पिंगळा करतो. ढोलीत राहतो, भुंगेरे, पतंग, उंदराची पिलं खातो, मजुरी मागत नाही. त्याला आपण काय देतो, तर अपशकुनी म्हणून दगड.

आता माझी चूक सांगतो, नाहीतर म्हणाल शहाणपणा शिकवतोय. चार वर्षांमागं मार्चमध्ये मीच बांध पेटवला होता. वारं फिरलं, जाळ पुढं गेला. विझल्यावर बघितलं तर मारवेलीच्या ठोंबाखाली सहा अंडी, काळी पडलेली. मादी पुढच्या बांधावर ओरडत होती. संध्याकाळपर्यंत ओरडत होती. तेव्हापासून काडी लावली नाही.

पक्षी पीक खातात, हे तर आहेच. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला की काय होतं, हे मला नवीन नाही. गोफण फिरवून खांदा गेलाय. राखणीला माणूस मिळत नाही म्हणून लोकांनी ज्वारी कमी केली, ही तक्रार खरी आहे आणि तिचं उत्तर माझ्याकडं नाही. पण हीच भोरडी विणीला मध्य आशियात जाते आणि तिकडं टोळ, नाकतोडे खाते. चीनच्या शिनजियांगात तिनं यावं म्हणून मुद्दाम दगडांची घरटी रचून देतात. आपल्याकडं दाण्याबरोबर अळीही खाते, ते कोणी मोजत नाही.

फवारणीचंही तेच. १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनात नाकतोड्यांसाठी मोनोक्रोटोफॉस फवारलं आणि उत्तर अमेरिकेतून थंडीला आलेले शिकारी पक्षी हजारोंनी मेले. आपल्या माळावर हिवाळ्यात भोवत्या येतो, तोही नाकतोडेच खातो. आणि फवारणीचं विष फक्त पाखरांना लागतं असं कोणाला वाटत असेल, तर २०१७ चं यवतमाळ आठवा.

बांध कोरायचं तर विचारूच नका. दरवर्षी नांगराचं एक तास आत. आजोबांच्या काळी ज्या बांधावरून बैलगाडी जायची, त्यावरून आता सायकल जात नाही. मिळालं काय? दोन ओळी हरभरा आणि तहसीलच्या चकरा.

शेवटचं आमच्या घरातलं. सामाईक बांधावरची जुनी बाभूळ ज्वारी निघाली की जेसीबीनं काढायची, असं आमच्या चुलत्यांनी ठरवलंय. अण्णा, तुमचा नातू हे तुम्हाला वाचून दाखवील म्हणून इथंच लिहितो. सावलीनं तुमची दोन तासं बसतात, मान्य. त्या दोन तासांची ज्वारी मी दरसाल तुमच्या घरी पोचती करतो, पायलीनं मोजून. खालच्या फांद्या पाडव्याच्या आत मी छाटतो, सरपण तुमचं, शेंगा तुमच्या शेळ्यांना. ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे, दिवस मावळायला येऊन बघा. जेसीबीवाल्याला दिलेला विसार बुडणार असेल, तर तोही मी देतो.