प्रवासात पाणी प्या, भाकरीची लाज सोडा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वस्तीतल्या दोन कुटुंबांनी मिळून एक क्रुझर गाडी ठरवली. कल्याणहून निघायचे, नाशिकची त्रिरश्मी लेणी, येवल्याची मुक्तिभूमी, वेरूळ, दौलताबाद, छत्रपती संभाजीनगर आणि शेवटी अजिंठा असा चार दिवसांचा बेत होता. मोठी माणसे सहा, पोरे पाच. गाडी सुटण्याआधी मी सगळ्यांच्या पिशव्या पाहिल्या. वस्तीत आरोग्याचे काम करता करता ही सवयच लागली आहे. एका पिशवीत वेफर्सची डझनभर पाकिटे, क्रीमची बिस्किटे आणि थंड पेयाच्या दोन मोठ्या बाटल्या. पिण्याच्या पाण्याची बाटली एकच, तीही अर्धी.

मी विचारले, "अगं, पाणी कुठाय?"

शेजारीण म्हणाली, "ताई, पाणी जास्त प्यायले की गाडी कुठे थांबवायची? पुरुषांचे काय, कुठेही उभे राहतात. आपण आपले घोट घोट प्यायचे, संध्याकाळी मुक्कामाला गेल्यावर बघू."

हे बोलणे नवे नाही. नागपूरला जाताना, सहा डिसेंबरला दादरला येताना, लग्नाच्या वऱ्हाडात, सगळीकडे आपल्या बायका असेच करतात. आणि आठवड्याने माझ्याकडे येतात. लघवीला जळजळ, ओटीपोटात कळ, अंगात कणकण. पाणी कमी प्यायचे आणि लघवी तासन्‌तास अडवून धरायची, याने जंतुसंसर्ग बळावतो. गरोदर बाईला आणि मधुमेह असलेल्या बाईला तर तो फार महागात पडतो. आता आईचे बघून आठवी-नववीतल्या मुलीही तसेच करायला लागल्या आहेत.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लहानपणीचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. साल १९०१. भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. नवे कपडे, आगगाडीचा प्रवास, पोरे आनंदात. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळली आणि कुणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी स्वतः हाकत ती पोरे निघाली. बरोबर डबा भरलेला होता, पोटात भूक होती. पण रात्रभर त्यांना कुणी पाणी दिले नाही. पाण्यावाचून जेवण घशाखाली उतरेना, म्हणून ती पोरे उपाशीच झोपली.

या पोरांना पाणी मिळाले नाही. आज आपल्याला पाणी मिळते, दुकानात मिळते, नळाला मिळते, आणि आपल्या लेकी-सुना ते पीत नाहीत. कारण आता कुणी पाणी अडवत नाही, मोरीची सोय अडवते. मला वाटते, या गोष्टीकडे आपण बायकांची खाजगी अडचण म्हणून पाहणे बंद केले पाहिजे. सहल कोणतीही असो, लेण्यांची असो की दीक्षाभूमीची, बेत आखताना पहिला प्रश्न हाच असावा : बायका-मुले पाणी कुठे पिणार आणि मोकळी कुठे होणार?

आम्ही गाडीतच नियम केला. दर दोन तासांनी गाडी थांबणार, कुणाला गरज असो वा नसो. बाईने तोंड उघडून मागावे लागले तर ती मागत नाही. गाडी आपोआप थांबली तर सगळ्या उतरतात. चालकदादांना निघतानाच हे सांगितले. महामार्गावर पेट्रोल पंपावर पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह ठेवणे बंधनकारक असते. एका पंपावर पोरगा म्हणाला, "बंद आहे." आम्ही म्हणालो, "किल्ली आण, आम्ही थांबतो." त्याने आणली. आम्ही चार बायका सोबत होतो म्हणून आणली असेल, पण आणली. एकटीने ओशाळून परत गाडीत बसण्यापेक्षा चौघींनी मिळून किल्ली मागणे चांगले. सोबत साबणाची वडी, जुने वर्तमानपत्र आणि पाण्याचा एक डबा ठेवला की निम्मी अडचण तिथेच संपते. पाळी आलेल्या मुलीसाठी पॅड आणि कागदी पिशवी आईच्या पिशवीत असावी, तिला मागायला लावू नये.

आता खाण्याचे बोलू.

कसारा घाटात वळणे सुरू झाली आणि पाचांपैकी दोन पोरे ओकली. सकाळी उपाशीपोटी निघालेली, वर वेफर्स आणि थंड पेय, आणि डोळे मोबाईलमध्ये. गाडी लागणाऱ्या मुलाला अगदी रिकामे पोट चालत नाही आणि तेलकटही चालत नाही. अर्धी पोळी किंवा एक केळे खाऊ घालावे, खिडकीशी बसवावे, लांब डोंगराकडे बघायला सांगावे, मोबाईल काढून घ्यावा. आणि थंड पेयाचे म्हणाल तर तीनशे मिलीच्या एका बाटलीत साधारण सात-आठ चमचे साखर असते. घरी पोराच्या दुधात आपण इतकी साखर कधी घालू का?

माझ्या पिशवीत दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे, भाजलेले फुटाणे, लिंबे आणि मीठ-साखर. दशमी दुधात भिजवलेली, दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. शेजारणीच्या लेकाने नाक मुरडले, "पिकनिकला पण भाकरी?" त्याचे चुकले नाही. आपणच त्याला शिकवले आहे की भाकरी म्हणजे गरिबी आणि पाकीट म्हणजे प्रगती. आपल्या आजी-आज्यांनी शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले, त्या आठवणीने आपण पोरांना चकचकीत पाकीट हातात देतो. त्यामागची माया मला कळते. पण त्या पाकिटाने पोराचे दात किडतात, पोट बिघडते, आणि घरी परतल्यावर डॉक्टरची फी सहलीच्या खर्चात धरावी लागते.

गंमत पुढे झाली. वेरूळच्या अलीकडे एका साध्या खानावळीत थांबलो. एक मावशी चुलीवर बाजरीच्या भाकरी थापत होती. पिठले, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. शेजारच्या टेबलावर मोठ्या गाडीतून आलेले शहरी कुटुंब त्या भाकरीचे फोटो काढत होते आणि आवडीने पैसे मोजत होते. आमचा तो नाक मुरडणारा लेक ते बघत राहिला. मग दोन भाकरी खाल्ल्या त्याने. जी भाकरी आपण लाजून लपवतो, तिच्यासाठी लोक लांबून येतात. बाजरीत लोह आहे, ज्वारीत चोथा आहे, पिठल्यात डाळीचे सत्त्व आहे. समोर तव्यावरून उतरलेले गरम अन्न प्रवासात सगळ्यात सुरक्षित असते. उघड्यावर कापून ठेवलेली फळे, बर्फाचा गोळा आणि सकाळपासून काचेत ठेवलेले समोसे यांना मात्र हात लावू नये. फळ घ्यायचे तर सालीचे घ्यावे आणि आपल्या हाताने सोलावे.

खुलताबाद-दौलताबादच्या रस्त्याला या दिवसांत सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात. शेतकरी बायकाच विकायला बसतात. पोरांनी बिया कोण लांब टाकतो याची शर्यत लावली. मधुमेह असलेल्या आजीला मात्र अर्धेच दिले, आणि ती रागावली. रागावू द्यावे. गोळीची वेळ आणि खाण्याचे माप प्रवासातही चुकवायचे नसते. शहरात मोठ्यांना नान-खलिया खायचा होता. मसालेदार, तेलाचा तवंग असलेले मटण ते. दोन माणसांत एक ताट घेतले, पोरांना नान आणि थोडा रस्सा दिला, चव सगळ्यांना मिळाली. अजिंठ्याच्या बाजूला खानदेशी चव सुरू होते : हिरव्या वांग्याचे भरीत, आणि ज्वारीसोबत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी. धान्य आणि कडधान्य एकाच घासात. मूठभर मिळकतीत पोषण कसे साधायचे, हे या मुलखातल्या कष्टकरी बायकांनी फार पूर्वी ओळखले होते.

एक गोष्ट मात्र खटकली. हॉटेलांच्या पाटीवर 'अस्सल मराठवाडी' लिहिलेले असते, पण आपल्या आज्यांचे जेवण त्या पाटीवर नसते. येसराची आमटी, घुगऱ्या, अंबील, सुकट, वाळवलेल्या चान्या, अंबाडीची भाजी. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात हेच जेवण नोंदवून ठेवले आहे. गाडीत आम्ही आजीला बोलते केले. दुष्काळात काय खाल्ले, सणाला काय शिजायचे, ती सांगत गेली आणि पोरे चक्क गप्प बसून ऐकत होती. त्यातले काही नाइलाजाचे होते, ते तिने नाइलाजाचे म्हणूनच सांगितले. आणि अंबील, घुगऱ्या, अंबाडी हे आजही आपल्या ताटात असावे असेच अन्न आहे.

मुलांच्या पायांचाही विचार करावा लागतो. आपण लेण्यांवर गेलो की सगळी लेणी पाहायची असा हट्ट धरतो. पोर रडकुंडीला येते आणि पुढे लेण्यांचे नाव काढले की पळते. आम्ही नाशिकला सकाळी ऊन चढायच्या आत चढलो. तिथल्या एका शिलालेखात भिक्खूंच्या चीवरांसाठी विणकरांच्या श्रेणीकडे पैसे ठेवून त्याच्या व्याजाची सोय केलेली आहे, हे सांगितल्यावर सातवीतल्या पोराला एकदम बचतगट आठवला. वेरूळला पहिली बारा लेणी बौद्ध आहेत. त्यांतले दहावे चैत्यगृह आणि तीन मजली बारावे लेणे, एवढे पोरांसाठी पुष्कळ झाले. दहाव्यात आवाज घुमतो, तिथे पोरांनी बुद्धवंदना म्हटली. संभाजीनगरात सिद्धार्थ उद्यानात संध्याकाळभर त्यांना मोकळे सोडले. मिलिंद महाविद्यालयाचा परिसर दाखवला. अजिंठ्याला चढ आहे, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात पाण्याची बाटली, डोक्यावर टोपी, आणि सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या शिल्पापाशी निवांत बसणे. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, हे बेत करतानाच पाहावे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडे तिकीट नाही.

कुणी म्हणेल, ताई, चार दिवसांची सहल, त्यातही तुमचा दवाखाना कशाला? वर्षातून एकदा पोरांना हवे ते खाऊ द्या. खाऊ द्यावेच. आम्हीही नाशिकला चिवडा घेतला, एकदा आईस्क्रीमही खाल्ले. माझे म्हणणे एवढेच की चैनीच्या नावाखाली पाणी, गरम जेवण आणि थांबा या तीन गोष्टींवर काट मारू नका. आणि जुलाब-उलट्या झाल्याच, तर घाबरू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावे. लघवी थांबली, पोर सुस्त पडले किंवा शौचात रक्त दिसले, तर पुढचे ठिकाण सोडून सरळ दवाखाना गाठावा. तान्ह्या बाळाला प्रवासात बाटली लावू नये, आईचेच दूध द्यावे. त्यासाठी आईने भरपूर पाणी प्यायला हवे, म्हणजे पुन्हा तीच गोष्ट.

दौलताबादच्या किल्ल्याशी आम्ही मुद्दाम थांबलो. १९३४च्या सुमारास बाबासाहेब आणि त्यांचे तीसेक सहकारी वेरूळ पाहायला निघाले असताना इथे आले होते. प्रवासाच्या धुळीने माखले होते म्हणून दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले, आणि पाणी बाटवले म्हणून लोक अंगावर धावून आले. आत सोडले ते शस्त्रधारी शिपाई सोबत देऊन, हे लोक कुठे पाण्याला शिवू नयेत म्हणून. मी हे मुलांना तिथेच सांगितले. धाकटीने विचारले, "मग त्यांना तहान लागली नाही का?" शेजारणीने काही न बोलता बाटली उघडली, तिला पाजली आणि उरलेले सगळे पाणी स्वतः प्यायली. मग म्हणाली, "ताई, आता बघा कुठे मोरी आहे ते. चला."

विहार समित्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी दीक्षाभूमीला, महाडला, चैत्यभूमीला गाड्या ठरवाल, तेव्हा झेंडे आणि बॅनरच्या यादीआधी थांब्यांची यादी करा. दर दोन तासांनी कुठे थांबणार, तिथे बायकांची सोय आहे का, पाणी किती कॅन, दुपारचे गरम जेवण कुठे, हे कागदावर लिहा आणि ती यादी एखाद्या बाईच्या हातात द्या.